ओढा आधी फुगतो

श्रोतेहो, नमस्कार.

निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग या कर्नाटकातल्या सीमेलगतच्या पट्ट्यातल्या माणसाला महापूर समजावून सांगायची गरज नाही. 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा अजून कितीतरी घरांच्या भिंतींवर आहेत. आज मी बोलणार आहे ते पुराआधीच्या एका तयारीबद्दल. पूर आलाच आहे असं धरून, टेबलाभोवती बसून करायची रंगीत तालीम. तिला होडी लागत नाही, लाइफ जॅकेट लागत नाही. गावाचा नकाशा आणि वेगवेगळी कामं करणारी सात-आठ माणसं, एवढं पुरतं.

अशी एक तालीम डोळ्यांसमोर आणा. दूधगंगेकाठचं गाव. तलाठी, पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी, आशाताई, लाईनमन, गुरुजी आणि नदीत होडी घालणारे एक जुने काका. प्रश्न असा, की रात्रीचं पाणी चढतंय, लोकांना हलवायचं कुठं? ‘शाळेत!’ सगळे एकदम म्हणतात. शाळा उंचावर आहे, खोल्या पक्क्या आहेत, हे सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून बराच वेळ बोलणं त्याच्यावरच चालतं. पण लाईनमनला माहीत असतं, की पाणी चढलं की शाळेकडची लाईन आधी बंद करावी लागते, म्हणजे बोअरची मोटर चालणार नाही. आशाताईंना माहीत असतं, की खालच्या गल्लीत दोघी बायका दिवस भरलेल्या आहेत. आणि काकांना माहीत असतं, की नदी रस्त्यावर यायच्या कितीतरी आधी फुगवट्यानं ओढा भरतो आणि शाळेची वाटच तुटते. तिघंही गप्प. कुणी विचारलं नाही, आणि साहेबांपुढं आपण कशाला बोलायचं!

हे फक्त आपल्याकडं घडतं असं नाही. स्टॅसर आणि टायटस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या गटांना एक उमेदवार निवडायचा होता. सर्वात योग्य उमेदवाराचे गुण गटात वाटून दिले होते, काही एकाकडे, काही दुसऱ्याकडे. बहुतेक गटांना तो उमेदवार सापडलाच नाही, कारण जे सगळ्यांना माहीत होतं त्याचीच चर्चा होत राहिली. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की कुणाला कशातलं विशेष कळतं हे आधीच जाहीर केलं, तर दडलेली माहिती जास्त बाहेर येते. म्हणून तालमीची पहिली फेरी एकाच प्रश्नाची ठेवा: इथं फक्त मलाच काय माहीत आहे? तहसीलदार आले असतील, तर त्यांनी शेवटी बोलावं. माझा हा आग्रहच आहे.

सीमाभागाची आणखी एक अडचण आहे. 2005 च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण मिळालं, पण पाणी दोन राज्यांतून वाहतं. कोल्हापुरातून बातमी येते, राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 43 फुटांवर, धोका पातळी. अलमट्टीचा हिशेब मीटरमध्ये, पूर्ण पातळी 519.60. धरणांचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्यात. यातून सदलग्याच्या शेतकऱ्यानं गोठ्यातली जनावरं कधी सोडायची, हे कसं ओळखावं? तिकडं अमुक फूट असताना आपल्या देवळाच्या कितव्या पायरीला पाणी होतं आणि किती तासांनी, हे गावातली म्हातारी माणसं सांगतात. ते कागदावर उतरवा, मराठीत आणि कन्नडमध्येही. फोनवरचा निरोप घेणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा, ही सवयही तालमीतच लागते.

यंदा मिरगाच्या आधी ग्रामपंचायतीत अशी बैठक लावा. हद्दीपलीकडच्या महाराष्ट्रातल्या गावातूनही एक-दोघांना बोलवा, वरचं पाणी त्यांना आधी दिसतं. जे ठरेल ते त्याच दिवशी वहीत लिहा. तलाठी किंवा पीडीओ बदलून गेले, तर ती वही नव्या माणसाच्या हाती पहिल्याच आठवड्यात द्या.

नमस्कार.