शस्त्र न धरणारी माणसं: इराकचे मँडियन

मंडळी, दक्षिण इराकमध्ये टायग्रिसच्या काठी अमारा नावाचं शहर आहे. पहिल्या महायुद्धात, जून १९१५ मध्ये, ते जिंकलं ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या सहाव्या पूना डिव्हिजनने, आणि त्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. अमाऱ्याच्या बाजारात तेव्हा लांब दाढीचे सोनार चांदीच्या डब्यांवर काळ्या मिन्याने होड्या आणि खजुराची झाडं काढायचे, आणि गोरे साहेब ती हौसेनं विकत घ्यायचे. हे सोनार म्हणजे मँडियन. ना मुसलमान, ना ख्रिस्ती, ना ज्यू. बाप्तिस्मा देणारा योहान हा त्यांचा थोर गुरू, येशूला मात्र ते मानत नाहीत. 'गिन्झा रब्बा' हा त्यांचा धर्मग्रंथ अरामीच्या एका बोलीत आहे.

त्यांचा बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच उरकत नाही. रविवारी, सणाला, लग्नात, पुन्हा पुन्हा होतो, आणि लागतं ते वाहतं पाणी. पांढरी वस्त्रं नेसून माणूस नदीत उतरतो, पुरोहित त्याला तीनदा बुडवतो, ओंजळीने तीनदा तेच पाणी पाजतो, डोक्यावर मर्टल या सुवासिक झुडपाच्या डहाळीचं कडं ठेवतो. मग काठावर येऊन कपाळाला तिळाचं तेल. हे सगळं पुरोहितानेच करायचं, आणि पुरोहिताला दीक्षा द्यायला आधीचा वरिष्ठ पुरोहित हवा.

इथेच १८३१ साली घात झाला. महामारी आली आणि सगळे पुरोहित दगावले, एकही उरला नाही. दीक्षा द्यायची कुणी? याह्या बिहराम आणि राम झिहरून हे पुरोहितांच्या घरातले दोन तरुण पुढे आले आणि त्यांनी एकमेकांना दीक्षा दिली. शास्त्राला धरून होतं का? नव्हतं. पण आजचा पुरोहितवर्ग तिथूनच पुन्हा उभा राहिला. पुढे या दोघांनी पोथ्यांच्या नकला केल्या आणि त्यांच्या शेवटी आपली हकीकत लिहून ठेवली, म्हणून आपल्याला ती कळते. मला या दोघांचं धाडस कुठल्याही लढाईपेक्षा मोठं वाटतं.

सद्दामच्या काळात दलदलीचा प्रदेश कोरडा पाडला गेला आणि तिथली वस्ती, मँडियनांसकट, उठली. खरा कहर झाला २००३ मध्ये अमेरिकेने सद्दामला हटवल्यानंतर. कायद्याचं राज्य कोसळलं की ज्याच्या मागे टोळी आहे किंवा हातात बंदूक आहे, तो तरतो. मँडियनांकडे दोन्ही नव्हतं. शस्त्र धरणं धर्मात निषिद्ध, स्वतःचा असा प्रांत नाही, आणि धंदा सोनारकामाचा. म्हणजे घरात सोनं असणार, हे गुंडांना ठाऊक. खंडणीसाठी अपहरणं झाली, खून झाले, 'धर्म बदला नाहीतर चालते व्हा' अशा धमक्या आल्या. कुराणात तीन ठिकाणी ज्यू-ख्रिस्तींच्या जोडीने 'साबिईन' नावाच्या धर्मीयांचा उल्लेख आहे आणि ते आम्हीच, असं मँडियन सांगत आले. धमकावणाऱ्यांनी ते मानलं नाही. आधी साठ-सत्तर हजारांचा अंदाज असलेला समाज इराकमध्ये काही हजारांवर आला. २००५ च्या इराकी राज्यघटनेत त्यांचं नाव आहे, पण तोवर लोक निघून चालले होते. शेजारच्या इराणच्या घटनेत पारशी, ज्यू, ख्रिस्ती यांना मान्यता आहे, यांना नाही.

आज ते स्वीडन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत आहेत. सिडनीजवळ नेपियन नदीत बाप्तिस्मे होतात, स्वीडनमध्ये लुंडजवळ दाल्बीला २०१८ मध्ये मंदिर उभं राहिलं. पण धर्मांतर करून कुणाला आत घेता येत नाही, आणि परंपरेनुसार आईबाप दोघंही मँडियन हवेत. समाजाबाहेर लग्न केलेल्यांच्या मुलांवरून पारशांमधला वाद मुंबईकरांना माहीत आहे. तिथे निदान पारशी बापाची मुलं समाजात धरतात.

आश्रय देणाऱ्या देशांचे उपकार आहेतच. पण कागद माणसागणिक निघतात. एक भाऊ स्वीडनला, दुसरा टेक्सासला, पुरोहित तिसरीकडेच. आम्हाला एकत्र वसवा, असं त्यांच्यातले कार्यकर्ते सांगत राहिले. पण व्हिसाच्या अर्जात असा रकाना नसतो.