क्षमा केली, पण दोघे सोडून

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे 'तफिला झाक्का'. तफिला म्हणजे प्रार्थना, झाक्का म्हणजे निर्मळ. यॉम किप्पुर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. कोकणातले आपले बेने इस्रायल त्याला दारफाळणीचा सण म्हणत. त्याच्या आदल्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, 'कोल निद्रे' ही त्या रात्रीची पहिली प्रार्थना सुरू होण्याआधी, अश्कनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, रिवाजाचे लोक ही पापांची कबुली म्हणतात. ज्याची त्याने, मनाशी.

ती घरोघर पोचवली रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, अब्राहम डान्झिग यांनी, आपल्या 'हय्ये आदाम' या ग्रंथातून. गाव वीलना, म्हणजे आजचं लिथुएनियातलं व्हिल्नियस. डान्झिग मुळात धर्मशास्त्री, पण या प्रार्थनेला रंग चढलाय तो काबालाचा, ज्यू गूढविद्येचा.

आता या माणसाची गोष्ट ऐकाच. शिक्षण प्रागला, रब्बी यहेज़केल लांदाउंच्या हाताखाली. एवढी विद्या, पण रब्बीपदाचा पगार नको म्हणाले. व्यापार केला. लाइपझिगच्या जत्रेला जायचे, क्योनिग्सबर्गच्या जत्रेला जायचे. माल विकायचा आणि धर्म फुकट सांगायचा. (हल्ली उलटं झालंय, पण ते राहू द्या.)

19वं शतक नुकतंच लागलं होतं. ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याची 15 तारीख, म्हणजे साधारण आपला मार्गशीर्ष. वीलनात दारूगोळ्याचं कोठार उडालं. 31 माणसं गेली. कितीतरी घरं पडली, त्यात डान्झिगांचंही. ते स्वतः आणि घरातले सगळे जबर जखमी झाले; पण जगले. सगळे जगले. पैसा मात्र बहुतेक सगळा गेला, आणि जन्मभर नाकारलेली पगाराची नोकरी उतारवयात धरावी लागली. वीलनाच्या धर्मन्यायालयात ते दय्यान, म्हणजे न्यायाधीश झाले.

मग त्यांनी घराला नेम घालून दिला. दरसाल 15 किस्लेवला उपास. संध्याकाळी, दिवस बदलला की (ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला बदलतो), मेजवानी. पंक्तीला विद्वान बोलवायचे, गरिबांना दान द्यायचं, ठरलेली स्तोत्रं म्हणायची. नाव पडलं 'पुल्व्हर पुरीम', बारुदीचा पुरीम; पुरीम हा ज्यूंचा संकटातून सुटल्याचा सण. आधी उपास, मग जेवण, आणि जेवणाबरोबर दान. आपल्याकडे स्मृतिदिनाला भाषणंच फार होतात.

तर प्रार्थना. माणसाच्या देहात 248 अवयव आणि 365 शिरा, मिळून 613, ज्यू धर्माच्या आज्ञाही तितक्याच. म्हणून कबुली अवयवागणिक. डोळे दिलेस, मी काय पाहिलं? कान दिलेस, काय ऐकलं? तोंड, हात, पाय, ओळीने सगळे. यॉम किप्पुरला चामड्याची पादत्राणं घालत नाहीत; ते वाईटाकडे धावलेल्या पायांच्या बदल्यात.

शेवटाकडे येते ती क्षमा. नीट ऐका: इथे क्षमा मागायची नाही, करायची. ज्यांनी माझ्या अंगाला, मालमत्तेला झळ लावली, माझी निंदा केली, त्या सगळ्यांना मी माफ केलं. दोघे सोडून. एक, ज्याच्याकडून माझे पैसे कायद्याने वसूल होऊ शकतात. दुसरा, 'काय बिघडतं, तो माफ करेलच' असं म्हणून मुद्दाम वाईट वागतो तो. हे वाचताना जत्रेत उधारी-वसुली केलेला माणूस डोळ्यांपुढे येतोच.

घोळ होतो तो वेळेचा. मजकूर लांबलचक, उपासाआधीचं जेवण उरकून लोक धावतपळत येतात, निम्म्यावर असतानाच कोल निद्रे सुरू होतं, आणि राहून जाते नेमकी क्षमा. म्हणून उशीर झाला तर क्षमेचा भाग आधी म्हणावा. पुन्हा सांगतो, क्षमा आधी.

आणि ज्याचं आपण वाईट केलं, त्याच्याकडे स्वतःच जायला हवं. मिश्ना या जुन्या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाचा नियमच आहे: माणसामाणसातला अपराध यॉम किप्पुरने फिटत नाही, समोरच्याची समजूत घालेपर्यंत. तेही सूर्यास्ताच्या आत, जेवायला बसण्यापूर्वी उरकलेलं बरं.