स्क्रूजची थकबाकी

(दृश्य: धुक्यात बुडालेली लंडनची गल्ली, एका पेढीचं दार)

नाताळच्या आदल्या दिवसाची दुपार. घड्याळात तीन वाजून गेलेत, पण लंडनमध्ये अंधार दाटलाय आणि पेढ्यांच्या खिडक्यांत मेणबत्त्या लागल्यात. अशाच एका पेढीत दोन सद्गृहस्थ शिरतात. सणाच्या दिवशी गोरगरिबांना चार घास आणि थोडी ऊब मिळावी म्हणून ते वर्गणी गोळा करताहेत. पेढीचा मालक त्यांना विचारतो, तुरुंग बंद पडले की काय? आणि वर्कहाउस, ती गरिबांना कामाला जुंपणारी घरं? ती चालू आहेत ना? गृहस्थ म्हणतात, तिथं जाण्यापेक्षा पुष्कळ जण मरण पत्करतील. यावर मालक म्हणतो, मग मरू देत, तेवढीच जादा लोकसंख्या कमी होईल.

या मालकाचं नाव एबेनेझर स्क्रूज. चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या गोष्टीचा हा नायक. गोष्टीत चार भुतं आहेत, साखळ्यांचा खणखणाट आहे, शेवटी एक थडगंही आहे. आपल्याला लक्षात राहतात ती भुतंच. पण जरा कान देऊन ऐकलं तर कळतं, की या भुतांना एक काम नेमून दिलेलं आहे. स्क्रूज दुपारी जे बोलला, ते त्यांना रात्रभर त्यालाच परत ऐकवायचं आहे.

आणि तो जे बोलला ते कुणा विक्षिप्त म्हाताऱ्याचं बरळणं नव्हतं. थॉमस माल्थसनं १७९८ मध्ये मांडलं होतं, की धान्य वाढतं त्यापेक्षा माणसं वेगानं वाढतात. या विचाराचा इंग्लंडमधल्या राज्यकर्त्यांवर मोठा पगडा होता. १८३४ मध्ये गरिबांसाठी नवा कायदा झाला. मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये भरती व्हा, असा त्याचा रोख होता. तिथं नवऱ्याला एकीकडे, बायकोला दुसरीकडे आणि मुलांना तिसरीकडे ठेवत. आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यांत हलक्या मजुराच्या जगण्यापेक्षाही वाईट असावं, हे धोरणच होतं, म्हणजे कुणी सहजासहजी दार ठोठावणार नाही. स्क्रूज त्या गृहस्थांना हेही सांगतो, की या संस्थांचा खर्च आमच्याच खिशातून जातो, आणि तो काही थोडाथोडका नाही. कायदा पाळणारा, कर भरणारा, ज्याच्या सहीला बाजारात मान आहे असा हा माणूस. म्हणून तर त्याचं बोलणं अंगावर येतं.

(दृश्य: थेम्स नदीचा काठ, जुनी रेखाचित्रं)

डिकन्सला गरिबी ऐकून माहीत नव्हती. १८२४ मध्ये त्याच्या वडिलांना कर्ज फेडता आलं नाही म्हणून मार्शलसीच्या तुरुंगात टाकलं. चार्ल्स तेव्हा बारा वर्षांचा. त्याला नदीकाठच्या बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात धाडलं, आठवड्याला सहा शिलिंगांवर. इमारत पडायला झालेली, तळघरात उंदरांचा सुळसुळाट. काम असं: पॉलिशच्या डबीवर आधी तेलकट कागद, त्यावर निळा कागद, मग सुतळी बांधायची, कागदाच्या कडा कात्रीनं नीट कापायच्या आणि शेवटी लेबल चिकटवायचं. दिवसभर हेच. पुढं जगभर नाव झालं तरी हे दिवस त्यानं हयातीत वाचकांना कळू दिले नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र जॉन फोर्स्टरनं चरित्र लिहिलं, तेव्हा ते उजेडात आले.

१८४३ मध्ये डिकन्स एकतीस वर्षांचा होता. चार मुलं पदरी, पाचवं वाटेवर. चालू कादंबरीचा खप घसरलेला. त्याच वर्षी कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. तो वाचून डिकन्स इतका हादरला, की गरिबांच्या मुलांसाठी एक पत्रक काढायचं त्यानं ठरवलं. मग बेत बदलला. याच्या वीस हजार पट जोराचा घाव घालीन, असं त्यानं अहवालाशी संबंधित असलेल्या डॉक्टर साउथवुड स्मिथना कळवलं. सप्टेंबरमध्ये तो लंडनच्या फील्ड लेनमधली ‘रॅगेड स्कूल’ पाहायला गेला. चिंध्या पांघरलेल्या, रस्त्यावर वाढलेल्या पोरांची ही फुकट शाळा. ऑक्टोबरच्या ५ तारखेला त्यानं मँचेस्टरच्या अथेनियम या शिक्षणसंस्थेत भाषण केलं, आणि त्या मुक्कामात गोष्ट सुचली. पत्रकातून जे सांगायचं होतं ते आता भुतं सांगणार होती.

लिहायला सहा आठवडे लागले. शहर झोपलं की तो बाहेर पडायचा आणि लंडनच्या अंधाऱ्या रस्त्यांवरून पंधरा-पंधरा, वीस-वीस मैल चालायचा. लिहिताना आपण रडलो, हसलो, पुन्हा रडलो, असं त्यानंच एका पत्रात म्हटलंय.

(दृश्य: दारावरची पितळी कडी, जिन्यावर मेणबत्तीचा उजेड)

स्क्रूजच्या घरी पहिलं येतं ते मार्लीचं भूत. मार्ली हा त्याचा भागीदार, सात वर्षांपूर्वी याच रात्री मेलेला. त्याच्या कमरेला साखळी आहे आणि ती पैशाच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खतावण्या आणि पोलादी बटव्यांची बनली आहे. हयातीत तूच ही कडी कडी जोडत आणलीस, असं त्याला कुणी बजावावं लागत नाही, तो आपणहून सांगतो. स्क्रूज त्याची समजूत काढायला जातो, तू तर धंद्यात पक्का होतास. त्यावर मार्ली किंचाळतो, “धंदा! माणसं हाच माझा धंदा होता!”

इथवर स्क्रूज घाबरलाय, बदललेला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. साहित्यातले कंजूष सहसा बदलत नाहीत. आचार्य अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ ज्या मोलिएरच्या नाटकावर बेतलंय, त्यातला म्हातारा शेवटच्या ओळीतसुद्धा आपल्या लाडक्या पेटीकडेच धावतो. आपण त्याला हसतो आणि घरी जातो. डिकन्सला तेवढं पुरणार नव्हतं. त्याला हा माणूस आतून हलवायचा होता, आणि भीतीनं माणूस हलत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून गतकाळाचं भूत स्क्रूजला नरक दाखवत नाही. ते त्याला त्याच्या शाळेत नेतं. सुट्टी लागून सगळी मुलं घरी गेलीत. एका लांबट, उघड्याबोडक्या खोलीत मिणमिणत्या शेकोटीजवळ एकच मुलगा पुस्तक वाचत बसलाय. त्याला न्यायला कुणी आलेलं नाही. खिडकीबाहेर अलीबाबा उभा असल्याचा त्याला भास होतो. तेवढीच त्याला सोबत. हा मुलगा म्हणजे आपणच, हे कळताच पैशापुढं कशालाही न पाझरणारा तो म्हातारा बाकावर बसून रडायला लागतो. मग बाहीनं डोळे पुसत पुटपुटतो, “काल रात्री एक पोरगा माझ्या दाराशी नाताळचं गाणं म्हणत होता. त्याला काहीतरी द्यायला हवं होतं.”

बदलाची सुरुवात इथं आहे. त्या पोरावर स्क्रूजनं आदल्या दिवशी पट्टी उगारली होती. स्वतःच्या लहानपणाची कीव आली आणि लगेच दुसऱ्याचं लहानपण आठवलं. दोघांमध्ये डिकन्सनं एका वाक्याचंही प्रवचन घातलेलं नाही. पुढं जुना मालक फेझिविग भेटतो. वखार झाडून त्यानं नाच ठेवलाय, नोकर-चाकर, स्वयंपाकीण, सगळे आलेत. भूत मुद्दाम डिवचतं, याचे चार पैसे खर्च झाले, त्याचं एवढं काय कौतुक? स्क्रूज तडकून म्हणतो, आम्हाला सुखात ठेवायचं की दुःखात हे त्याच्या हातात होतं, आणि ते त्याच्या शब्दांत, नजरेत होतं, ज्यांची बेरीज करता येत नाही. बोलता बोलता तो गप्प होतो. त्याला आपला कारकून आठवलेला असतो.

(दृश्य: छोटं घर, चुलीवरची भांडी)

हा कारकून बॉब क्रॅचिट. पगार आठवड्याला पंधरा शिलिंग, पोरं सहा, घर कॅम्डन टाउनमधलं चार खोल्यांचं. डिकन्सचं कुटुंब लंडनला आलं तेव्हा त्याच भागात राहिलं होतं, त्यामुळे हे घर त्यानं आठवणीतून उभं केलंय. आता वर्तमानकाळाचं भूत स्क्रूजला तिथं घेऊन येतं. त्यांच्या नाताळच्या जेवणापाशी जरा थांबू या.

गूज, म्हणजे बदकाच्या जातीतला मोठा पक्षी, घरी भाजायची सोय नाही. गरिबांच्या घरात भट्टी कुठली? ते आपलं भांडं बेकरीवाल्याकडे पोचवत आणि भाजून झालं की घेऊन येत. क्रॅचिटांची दोन धाकटी पोरं धावत येऊन सांगतात, बेकरीबाहेर वास आला आणि तो आपल्याच गूजचा आहे हे आम्ही ओळखलं! पक्षी आठ माणसांना पुरणारा नाही. सफरचंदाची चटणी आणि कुस्करलेले बटाटे घालून तो पुरवला जातो. पुडिंग कपडे उकळायच्या हंड्यात शिजलंय, त्यामुळे झाकण उघडताच धुण्याच्या दिवसाचा वास येतो. आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाला पुडिंग लहान पडलं असं कुणी म्हणत नाही, कुणाच्या मनातही येत नाही. गरिबीची लाज आणि गरिबीचा मान, दोन्ही त्या एका ओळीत आलंय.

बॉबच्या शेजारी धाकटा टिम बसलाय. कुबडी आहे, पायाला लोखंडी आधार आहे. स्क्रूज भुताला विचारतो, हा पोरगा जगेल का? भूत सांगतं, पुढं काही बदललं नाही तर या कोपऱ्यातली जागा मला रिकामी दिसते. स्क्रूज कळवळतो. मग भूत त्याचंच वाक्य त्याच्यापुढं ठेवतं: मरणार असेल तर मरू दे की, तेवढीच जादा लोकसंख्या कमी होईल. स्क्रूजची मान खाली जाते. ‘जादा लोकसंख्ये’ला आता नाव आहे, तोंड आहे, आणि ती बापाच्या हाताला धरून बसली आहे.

निघताना त्या भुताच्या झग्याखालून दोन मुलं बाहेर येतात, हडकुळी, फाटकी, भेदरलेली. मुलाचं नाव अज्ञान, मुलीचं नाव उपासमार. यांतल्या मुलापासून जास्त सावध राहा, असं भूत बजावतं. यांना कुठं आसरा नाही का, असं स्क्रूज विचारतो, आणि उत्तर येतं, “तुरुंग नाहीत का? वर्कहाउस नाहीत का?” फील्ड लेनची पोरं ती हीच.

शेवटचं भूत, भविष्यकाळाचं, बोलतच नाही. भविष्यात कुणीतरी मेलाय. व्यापारी म्हणतात, जेवण असेल तर अंत्ययात्रेला येऊ. मोलकरणीनं मेलेल्याच्या पलंगाचे पडदे कड्यांसकट काढून भंगारवाल्याला विकलेत, अंगातला चांगला सदराही उतरवलाय. या मरणानं कुणाचं मन हललं असेल तर ते मला दाखव, असं स्क्रूज विनवतो. भूत त्याला एका कर्जदाराच्या घरी नेतं. तिथं एका नवरा-बायकोला सुटकेचा श्वास टाकता आलाय, कारण सावकार मेला आणि आता थोडी मुदत मिळेल. थडग्यावरचं नाव वाचण्याआधीच स्क्रूजला कळायला हवं होतं, आणि बहुधा कळलेलंही असतं.

(दृश्य: खिडकी उघडते, घंटांचा आवाज, लख्ख ऊन)

सकाळ होते. आता डिकन्स काय करतो ते पाहा. स्क्रूज बदलला असं नुसतं सांगून तो थांबत नाही, पैसे कसे वाहायला लागले ते एकेक करून दाखवतो. रस्त्यातल्या पोराला पाठवून दुकानातली सगळ्यांत मोठी टर्की मागवली जाते. पाच मिनिटांच्या आत आलास तर अडीच शिलिंग! टर्की उचलून नेणं शक्य नाही म्हणून घोडागाडीचं भाडंही स्क्रूज देतो, आणि बॉबला पाठवणाऱ्याचं नाव कळू देत नाही. वर्गणीवाल्यांपैकी एक गृहस्थ रस्त्यात भेटतात. स्क्रूज त्यांच्या कानात आकडा सांगतो. ते थक्क होतात, तेव्हा म्हणतो, यात मागची पुष्कळ थकबाकी धरली आहे.

थकबाकी! हा माणूस आतून पालटला तरी बोलतो आपल्या पेढीच्याच भाषेत. ती भाषा तो कधी सोडत नाही, फक्त देणं कुणाचं लागतं ते आता त्याला कळलंय.

भाच्याकडे जेवायला जाणं मात्र पैसे देण्यापेक्षा अवघड निघतं. दरवर्षी बोलवणाऱ्या फ्रेडला त्यानं दरवर्षी झिडकारलं होतं. त्याच्या दारावरून मामा डझनभर फेऱ्या मारतात, तेव्हा कुठं दार वाजवायचा धीर होतो. दुसऱ्या दिवशी पेढीत बॉबचा पगार वाढतो, आणि पहिला हुकूम सुटतो कोळशाचा. आधी शेकोटी पेटव, मग पेन हातात घे.

टिम जगतो. पण डिकन्सच्या मूळ हस्तलिखितात, जे आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे, टिम मेला नाही हे स्पष्ट सांगणारे शब्द नाहीत. ते छपाईच्या वेळी घातले गेले. मला वाटतं, त्यांच्याशिवाय हिशेब अपुरा राहिला असता. स्क्रूजचा आत्मा शांत झाला आणि पोरगा मात्र गेला, तर त्या बदलाचा टिमला काय उपयोग?

१९ डिसेंबर १८४३ ला पुस्तक आलं. छपाईचा खर्च डिकन्सनं स्वतः सोसला. सोनेरी कडा, जॉन लीचची चित्रं, त्यांतली चार हातानं रंगवलेली. सहा हजार प्रती नाताळपर्यंत संपल्या. नफा हजार पौंड धरला होता, पहिल्या खेपेला हाती पडले दोनशे तीस. वर नकली आवृत्ती काढणाऱ्यांवर त्यानं खटला भरला, जिंकला, पण त्यांनी दिवाळं काढल्यामुळे खटल्याचा खर्च याच्याच गळ्यात पडला.

किंमत होती पाच शिलिंग. बॉब क्रॅचिटच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. ज्यांची ही गोष्ट, त्यांना ती परवडणारी नव्हती. दहा वर्षांनी, डिसेंबर १८५३ मध्ये, डिकन्सनं बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये पहिल्यांदा जाहीर वाचन केलं, तेही तिथल्या एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी. २७ तारखेला त्यानं ही गोष्ट वाचली. ३० तारखेला तीच पुन्हा वाचली, आणि त्याच्या आग्रहावरून त्या दिवशीच्या जागा कमी दरात कामगारांसाठी ठेवल्या गेल्या.