राखेखालची धग

श्रोतेहो, नमस्कार.

बांधावरून चालताना पायात बाभळीचा काटा मोडला, तर संध्याकाळपर्यंत ती जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि रात्री ठणकू लागते. रोमन ग्रंथकार सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दाहाची हीच चार लक्षणे नोंदवून ठेवली आहेत. हा दाह आपल्या बाजूचा असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात, जंतूंचा फडशा पाडतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात आणि काम संपले की शरीर तो दाह स्वतःच विझवते.

आज ज्या दाहाविषयी बोलायचे आहे, तो पुरता विझतच नाही. त्यात ठणका नसतो, ताप नसतो, डोळ्यांना दिसणारी सूज नसते. चुलीतली लाकडे ओढून घेतल्यावरही राखेखाली धग राहावी, तसा तो वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांत, यकृतात, सांध्यांत रेंगाळतो. इटलीतील संशोधक क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली दाह आणि वार्धक्य यांसाठीचे इंग्रजी शब्द सांधून त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ असे नाव दिले. हृदयविकार, मधुमेह आणि स्मृतिभ्रंश या उतारवयातल्या आजारांशी त्याचा संबंध आढळतो.

या धगीला इंधन अनेक ठिकाणांहून मिळते. विभाजन थांबलेल्या काही पेशी मरत नाहीत, जागा अडवून बसतात आणि शेजारच्या पेशींना चिथावणारी रसायने सोडत राहतात. (वयस्कर श्रोत्यांनी हे मनाला लावून घेऊ नये; अशा पेशी तरुणांतही असतात, फक्त संख्येने कमी.) तंबाखूचा धूर आणि अपुरी झोप यांचीही भर पडते. परंतु आपल्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे इंधन म्हणजे पोटातली चरबी. चरबी हे नुसते गोदाम नव्हे. ती वाढली की तिच्यात दाहक पेशी ठाण मांडतात आणि तेथून निघणारी रसायने इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात.

याविषयीचे मोलाचे काम पुण्यात, केईएम रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, म्हणजे बीएमआय २२.३. मात्र शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! पुणे परिसरातल्या खेड्यांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, तरीही आपल्या हडकुळ्या बाळांनी त्वचेखालची चरबी बरीचशी राखलेली होती. ‘माझे वजन तर बेताचेच आहे’ हे वाक्य म्हणूनच मला फारसे आश्वासक वाटत नाही. टेलरची टेप कमरेभोवती धरावी: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे आकडा गेला, तर वजनकाट्याच्या कौलावर विसंबू नये.

रक्तात हा दाह मोजण्यासाठी सीआरपी नावाचे प्रथिन पाहतात. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते १९३० साली न्यूयॉर्कमध्ये सापडले. हृदयविकाराच्या जोखमीसाठी त्याची अधिक संवेदनशील चाचणी करतात. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर जोखीम कमी, ३ पेक्षा अधिक असेल तर जास्त. पण १० च्या पुढचा आकडा बहुधा ताज्या संसर्गाचा किंवा दुखापतीचा असतो, त्यामुळे सर्दी-तापात ही चाचणी करून घाबरण्यात अर्थ नाही. बोलिव्हियाच्या जंगलातल्या चिमाने लोकांत जंत आणि जंतुसंसर्ग यांमुळे सीआरपी वाढलेले असते. तरीही २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७०५ प्रौढांपैकी ८५ टक्क्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचा, म्हणजे वाहिन्या कठीण होत असल्याच्या खुणेचा, मागमूस नव्हता. ही माणसे दिवसाचे कित्येक तास शिकार, मासेमारी आणि शेती यांत चालत-राबत असतात.

मग औषधाने हा दाह विझवावा का? त्याच वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कोलेस्टेरॉलला हात न लावता, केवळ दाहाचा एक संदेश अडवून, दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम औषध घेणाऱ्या गटात झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. परंतु औषध घेणाऱ्यांत जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. काट्याभोवती धावून येणारी फौज आणि राखेखालची धग एकाच घरची असल्याचा हा रोकडा पुरावा होता. हळदीच्या गोळ्यांबद्दल लोक हमखास विचारतात. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, तेव्हा हळद आमटीत घालावी, महागड्या डबीत शोधू नये.

हा मंद दाह डोळ्यांना दिसतो अशी एक जागा मात्र आहे. सकाळी दात घासून चूळ भरताना बेसिनमध्ये लालसर रेघ उमटली, तर ब्रश कडक असेल म्हणून ती धुऊन टाकू नका; आरशासमोर ओठ उचलून हिरड्यांची कड पाहा. ती लाल आणि फुगीर असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडून साठलेले कीटण काढून घ्यावे. हिरड्यांचा जुना आजार असलेल्यांत अशा उपचारानंतर रक्तातले सीआरपीही थोडे उतरलेले आढळते.