लेकरांच्या पावलांनी सोलापूर

सोलापूर हे उन्हाचे शहर आहे, आणि लहान मुलांना घेऊन येथे बाहेर पडण्याचा कोणताही बेत आधी घड्याळ पाहून आणि मगच ठिकाण पाहून आखावा लागतो. मार्चच्या मध्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत पारा वरचेवर चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत सकाळी निघून दहाच्या आत घरी परतावे किंवा उन्हे कलल्यावर निघावे, एवढेच दोन मार्ग उरतात. याउलट दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचे दिवस कोरडे, स्वच्छ आणि सोसवणाऱ्या उन्हाचे असतात, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला शहर दाखवायचे असेल तर तेच दिवस निवडावेत. एका रविवारी चार ठिकाणे उरकण्यापेक्षा एकच ठिकाण मुलाला पोटभर पाहू द्यावे, हे आमचे स्पष्ट मत आहे. जिथे मुलांना धावता येते, मोजता येते आणि मनात येईल तो प्रश्न विचारता येतो, अशीच ठिकाणे आम्ही या चित्रफितीसाठी निवडली आहेत.

शहराच्या मध्यभागी असलेल्या भुईकोट किल्ल्यापासून सुरुवात करू. चौदाव्या शतकातील बहमनी राजवटीशी ज्याचे बांधकाम जोडले जाते तो हा किल्ला सपाट भूमीवर उभा आहे. गडाची दमछाक करणारी चढण येथे नाही, म्हणून नुकते चालायला लागलेले मूल आणि गुडघेदुखीने त्रासलेली आजी हे दोघेही तो निवांतपणे पाहू शकतात. बाहेर खंदक, त्याच्या आत एक तट आणि त्याच्याही आत दुसरा तट, ही रचना मुलांना सांगावी लागत नाही. एका दरवाजातून आत गेल्यावर समोर पुन्हा भिंत दिसली की ती त्यांच्या आपोआप लक्षात येते. तटाच्या बांधकामात जुन्या वास्तूंचे कोरीव दगड वापरलेले आहेत. साध्या काळ्या दगडांच्या रांगेत मध्येच एखादे फूल किंवा नक्षीची पट्टी डोकावते, आणि असे दगड शोधून काढण्याचा खेळ लावला तर मुले तासभर कंटाळत नाहीत. मोठ्यांची नजर बुरुजाच्या टोकाकडे जाते आणि मुलांची नजर त्यांच्या डोळ्यांसमोरच्या थरावर पडते, त्यामुळे असा दगड बहुधा मुलांनाच आधी सापडतो.

या किल्ल्याची एक गोष्ट मुलांना हमखास आवडते. अहमदनगरचा निजामशहा आणि विजापूरचा आदिलशहा यांच्यात सोयरीक झाली, तेव्हा चाँदबिबीच्या लग्नात हा किल्ला आंदण म्हणून देण्यात आला, आणि याच किल्ल्यावरून दोन्ही घराण्यांत पुन्हा पुन्हा संघर्ष झाला. लग्नात कोणी किल्ला देते का, हा प्रश्न त्यावर ठरलेलाच असतो. १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, इथवर सांगून थांबले तरी चालेल, कारण एवढ्या वयात सनावळ्यांपेक्षा आंदणाची गोष्टच लक्षात राहते. आईवडिलांना एक सूचना मात्र आग्रहाने करावीशी वाटते. तटावर आणि बुरुजांवर काही ठिकाणी कठडा अगदी ठेंगणा आहे, काही ठिकाणी तो नाहीच. तेथे मुलाचा हात सोडू नये आणि छायाचित्रासाठी त्याला कडेला उभे करू नये.

किल्ल्याला लागूनच सिद्धेश्वर तलाव आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी आपल्या शिष्यांच्या आणि लोकांच्या श्रमातून हा तलाव खोदविला, अशी परंपरा सांगते. सोलापूरचे जुने नाव सोन्नलगी असे होते आणि सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने आजही म्हटली जातात. पाण्याने वेढलेल्या मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना पाणी दिसू लागते, तेव्हा लहान मुले आपोआप आईचा हात घट्ट धरतात. मंदिराच्या प्रशस्त आवारात सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. दुपारी येथील फरशी तापते आणि अनवाणी पायांना चटके बसतात, म्हणून दर्शन सकाळी लवकर किंवा दिवेलागणीच्या सुमारास घ्यावे. संध्याकाळी किल्ल्याची तटबंदी पाण्यात उतरलेली दिसते ती याच आवारातून.

मकरसंक्रांतीच्या सुमारास येथे भरणारी गड्ड्याची यात्रा ही सोलापूरच्या प्रत्येक बालपणाचा भाग आहे. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा व्यक्त केली आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास सांगितले, या कथेचे स्मरण म्हणून भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी सात उंच नंदीध्वज मिरवणुकीने आणतात. एवढी उंच आणि जड काठी एकटा माणूस कमरेच्या आधारावर तोलतो, तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या मुलांचे डोळे तिच्या टोकावर खिळून राहतात. संक्रांतीला होम होतो आणि किंक्रांतीला शोभेचे दारूकाम असते. गर्दीचा विचार करता, अगदी लहान मुलांना अक्षतेच्या दिवशी रेटारेटीत नेण्याऐवजी पुढच्या एखाद्या साध्या दिवशी होम मैदानावरील पाळणे आणि खेळण्यांची दुकाने दाखवावीत. मुलाच्या खिशात आईवडिलांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवायला विसरू नये. दारूकाम पाहायचेच असेल तर थोडे दूर उभे राहावे, कारण ज्या मुलांना आवाजाची भीती वाटते त्यांना दुरूनही आकाश तेवढेच रंगीत दिसते.

शहराच्या पूर्व भागात गेल्यावर कानावर पडणारी भाषा बदलते आणि सोलापूरचा स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागतो. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती आहे. गल्लीतून चालताना घराघरांतून यंत्रमागांची लय कानी येते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि तिचे नाव देशभर ठाऊक आहे, तरी ती विणताना पाहिलेली मुले खुद्द सोलापुरातही कमीच असतील. मालकाची परवानगी घेऊन एखाद्या कारखान्यात मुलांना अर्धा तास नेले, तर त्यांना आयुष्यभर पुरेल असे काही पाहायला मिळते. पडद्यावर दिसणारा हा माग पाहा. उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. त्यातून धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो आणि आडवा बाणा सोडत जातो. मागाच्या माथ्यावर जकार्ड, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणारे यंत्र, बसवलेले आहे, आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांबलचक माळ त्यातून सरकते आहे. जिथे भोक आहे तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खालीच राहतो, आणि ओळीमागून ओळ जुळत जाऊन चादरीवर मोराची मान, मग पीस, मग पिसारा उमटतो. काही कारखान्यांत आता पुठ्ठ्यांची जागा संगणकाने घेतली आहे, तरी मुलांना समजते ती ही जुनी पद्धतच, कारण तिच्यातले सगळे काम डोळ्यांनी दिसते. चित्रीकरणाच्या वेळी एका मुलीने वडिलांचा शर्ट ओढून विचारले, “पप्पा, ह्यात मोर कुठनं आला?” शेजारच्या विणकर आजोबांनी उत्तर देण्याऐवजी पुठ्ठ्याची एक पट्टी उतरवून तिच्या हातात दिली, आणि तिने ती उजेडासमोर धरून भोके मोजायला सुरुवात केली. मागांचा आवाज लहान कानांना मोठा वाटतो आणि हवेत कापसाचे तंतू उडत असतात. म्हणून दम्याचा त्रास असलेल्या मुलांना आत नेऊ नये, आणि इतरांनाही फिरत्या पट्ट्यांपासून दूर ठेवावे.

शाळेत जाऊ लागलेल्या मुलांसाठी भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारक ही थोड्या वेळात पाहून होणारी, पण मनात राहणारी जागा आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर युद्धग्रस्त चीनला गेला, जखमी सैनिकांची सेवा करीत तेथेच राहिला आणि १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच मरण पावला. त्यांच्या राहत्या घराचेच हे स्मारक झाले आहे, आणि आपल्याच गावातील एका घरातून निघालेला माणूस इतक्या दूर गेला, याचे मुलांना फार अप्रूप वाटते. पुणे महामार्गावर केगावच्या बाजूला असलेले विज्ञान केंद्र उन्हाळ्यातील दुपारींसाठी योग्य आहे, कारण तेथे छताखाली राहून मुलांना स्वतःच्या हातांनी प्रयोग करून पाहता येतात. विजापूर रस्त्याच्या बाजूचा संभाजी तलाव, ज्याला जुने सोलापूरकर अजूनही कंबर तलावच म्हणतात, सकाळच्या फेरीला चांगला आहे.

आता शहराबाहेर पडू. बार्शी रस्त्याने साधारण वीस किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले, त्यातील हा सर्वांत परिचित भाग. माळढोक हा उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक असून त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. गवताळ माळ कमी होत गेले तसा तो महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा माळढोक दिसेल असे आश्वासन मुलांना देऊ नये. त्याऐवजी काळवीट दाखवावीत, कारण ती येथे कळपाने दिसतात आणि गाडीतूनही ओळखता येतात. पिळदार शिंगांचा काळा नर, शिंगे नसलेल्या फिकट तपकिरी माद्या आणि त्यांच्यामागे धावणारी पाडसे पाहिल्यावर मूल स्वतःच त्यांचे कुटुंब जुळवू लागते. हे प्राणी धावता धावता एकाएकी हवेत उसळी घेतात तेव्हा गाडीत आनंदाचा आरडाओरडा होतो, आणि नेमका तोच तेवढा आवरायला शिकवावा लागतो. येथे लांडगा आणि खोकडही आहेत, पण ते नशिबाने दिसतात. वन विभागाची परवानगी घेऊन, पहाटेच पोहोचून आणि मातकट रंगाचे कपडे घालून गेल्यास ही सहल सफल होते. माळ म्हणजे ओसाड, निकामी जमीन, असा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. तो पुढच्या पिढीत उतरू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी मुलांना येथे अवश्य आणावे.

हिवाळ्यात याच वाटेवर ज्वारीची शेते निसवलेली असतात आणि परदेशातून आलेल्या भोरड्यांचे प्रचंड थवे त्यांच्यावर उतरतात. संध्याकाळी हजारो पक्षी एकाच वेळी वळण घेतात तेव्हा आकाशात काळी चादर झटकल्यासारखी दिसते. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत हुरड्याचे दिवस असतात. शेतात आगटी पेटते, कोवळी कणसे निखाऱ्यांत भाजली जातात आणि शेतकरी ती गरम असतानाच तळहातांवर चोळून हिरवे दाणे मोकळे करून देतो. सोबत शेंगाचटणी, गूळ आणि बोरे असतात. शेंगाचटणी मुलांना तिखट लागते, तेव्हा तिच्यात दही कालवून द्यावे. आगटीपासून मुलांना हातभर अंतरावर बसवावे आणि पोटभर हुरडा झाल्यावर लगेच गार पाणी देऊ नये, असे घरातील जुनी माणसे सांगतात आणि आम्हीही तेच सांगू.

पावसाळ्यासाठी मात्र नळदुर्गला पर्याय नाही. हैदराबाद महामार्गाने सोलापूरहून सुमारे पंचेचाळीस ते पन्नास किलोमीटरवर, धाराशिव जिल्ह्यात, बोरी नदीच्या काठी हा विस्तीर्ण किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नदीवर धरणाची भिंत बांधली गेली आणि त्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल कोरीवकामासह उभारला गेला. पाऊस चांगला झाला आणि पाणी भिंतीवरून वाहू लागले की नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात, आणि पाणीमहालाच्या खिडकीत उभे राहिले तर समोर पाण्याचा पडदा असूनही आत माणूस कोरडा राहतो. पाणी वरून जाते आणि आपण भिजत नाही, ही गोष्ट मुलांना जादूसारखी वाटते. ती जादू स्थापत्याची आहे, हे त्यांना तेथेच समजावून सांगावे. उंच उपळी बुरुजावरील तोफा पाहण्यासाठी बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून कडेवरच्या मुलांना घेऊन एकाने खालीच थांबावे. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असते, प्रवाहाजवळचे अडथळे ओलांडून कोणीही पुढे जाऊ नये, आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीच्या आधी पोहोचून दुपारीच परत निघावे.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे. तेथील संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी शिलालेख आहे, आणि नुकतेच वाचायला शिकलेल्या मुलाला आपल्या भाषेची इतकी जुनी ओळ दाखवणे ही फार मोठी गोष्ट आहे. त्याच परिसरातील बहुमुखी शिवलिंगावर ३५९ मुखे कोरलेली आहेत. मुले ती मोजायला बसतात, मध्येच चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. त्यांना घाई करू नये. नदीकाठी सावली मोजकीच आहे आणि जेवणाची सोय धरून चालता येत नाही, तेव्हा डबा, भरपूर पाणी आणि बसायला एक सतरंजी घरूनच न्यावी. संगमाचे पाणी काठावरून शांत दिसत असले तरी मुलांना त्यात उतरू देऊ नये.