रात्रीची लाईट आणि वरची वर्दळ

राम राम मंडळी. जेवणं झाली असतील तर रेडिओ घेऊन गच्चीवर चला, ज्यांचं धाब्याचं घर आहे त्यांनी धाब्यावर, तसंही उन्हाळ्यात आपल्याकडे घरात झोपतंय कोण. आजच्या गप्पा रात्री आकाशात सरकताना दिसणाऱ्या वस्तूंच्या, म्हणजे उल्का, उपग्रह, रॉकेटचं भंगार. त्यांना दुर्बीण लागत नाही, उलट दुर्बिणीने काम बिघडतं, ती मागे फिरवेपर्यंत वस्तू निघून गेलेली असते. डोळे पाहिजेत आणि आकडे मोजता आले पाहिजेत, बस.

मला हे मोजायचं वेड लागलं ते 2 एप्रिल 2022 ला. गुढीपाडवा होता, गुढी उतरवून झालेली, पुरणपोळीने अंग जड झालेलं, आणि आठच्या सुमाराला गल्लीत एकच आरडाओरड. वर पाहतो तर पश्चिमेकडून पाच-सहा जळते गोळे, मागे शेपट्या, एका रांगेत पूर्वेकडे चाललेत, आणि घाईसुद्धा नाही हो, वरात निघाल्यासारखे. कोणी म्हणे विमान पेटलं, कोणी म्हणे मिसाईल, शेजारच्या काकूंनी हात जोडले, एकाने विचारलं "हाई काय शे भो?" आणि उत्तर कोणाकडेच नाही. आमचे अण्णा तेवढे शांत. म्हणाले, 1979 ला स्कायलॅब, म्हणजे अमेरिकेचं अंतराळ स्थानक, पडणार म्हणून अशीच बोंब होती, आणि पडलं कुठे, तर समुद्रात आणि ऑस्ट्रेलियात.

दुसऱ्या दिवशी कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात दोन-तीन मीटर रुंदीची धातूची रिंग पडली, त्या भागात गोळेही सापडले. जाणकारांनी हिशेब लावला तो असा की चीनने फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चांग झेंग 3बी रॉकेटचा हा वरचा टप्पा. म्हणजे काम संपल्यावर हा रिकामा डबा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता, वरच्या विरळ हवेला घासून घासून त्याचा वेग कमी होत गेला, आणि नेमका पाडव्याला आपल्या डोक्यावरून खाली आला. गोळे म्हणजे बहुतेक वेळा गॅसच्या टाक्या, त्या टायटॅनियमसारख्या धातूच्या असल्या तर सहज वितळत नाहीत, म्हणून बाकीचं जळतं आणि त्या खाली पोचतात.

तर मोजायचं कसं. काही सरकताना दिसलं की लगेच एक, दोन, तीन सुरू करा. दोनपर्यंतच विझलं तर उल्का, तिचा वेग सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर, त्यामुळे नुसती रेघ दिसते. तीस-चाळीसच्या पुढे गेलात, तुकडे होताहेत आणि सगळे एकाच दिशेने चाललेत, तर ते भंगार. ना जळतंय ना लुकलुकतंय, मुकाट चार-पाच मिनिटं चाललंय, तर उपग्रह. लाल-हिरवं मिचमिचलं तर विमान, त्यासाठी मला फोन करू नका, हात जोडतो.

सगळ्यात ठळक दिसतं ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. साधारण 400 किलोमीटर उंचीवर, आणि वेग असा की जळगाव ते भुसावळ तीन-चार सेकंदात! ते येणार कायम पश्चिमेच्या अंगाने आणि जाणार पूर्वेकडे. दिसतं मात्र दिवस मावळल्यावर तास-दीड तास किंवा पहाटे, कारण त्याला स्वतःचा दिवा नाही, खाली आपल्याकडे अंधार झालेला असतो आणि वर त्याच्यावर ऊन असतं, ते ऊन चमकतं. म्हणून कधीकधी भर आकाशात चालता चालता गायब होतं, घाबरू नका, पृथ्वीच्या सावलीत शिरलं. आपला अंतराळवीर शुभांशू शुक्ला 2025 च्या जून-जुलैत तिथे होता तेव्हा मी रोज गच्चीवर, आणि रोज ढग. पाऊस पाहिजे होता म्हणून तक्रारही करता येईना.

आणि ती माळ, एकामागे एक पंचवीस-तीस ठिपके, ज्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर "एलियन" म्हणून फिरतात, ते स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह, नुकतेच सोडलेले असले की रांगेत दिसतात, नंतर पांगतात.

आकाशातून खरंच काही पडलं तर? आपल्या भागाला हे नवीन नाही बरं का. 29 जून 1843 ला एदलाबादजवळ, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरजवळ, मानेगावला उल्का पडली होती आणि जगाच्या उल्कांच्या यादीत ते नाव आजही आहे. पण दगड वेगळा आणि टाकी वेगळी. टाकीत हायड्राझिनसारखं विषारी इंधन राहिलेलं असू शकतं, तेव्हा हात लावायचा नाही, पोरांना लांब ठेवायचं, पोलीस पाटलाला सांगायचं, आणि भंगारवाल्याला तर मुळीच बोलवायचं नाही. नुकसान झालं तर ज्या देशाने सोडलं त्याने भरून द्यायचं असा 1972 चा करार आहे. आणि फक्त चीनला नावं ठेवायला नको, 2023 ला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठा डबा वाहून आला तो आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचा निघाला.

माझं म्हणाल तर मला हे सगळं दिसतं ते रात्रीच्या लाईटमुळे, म्हणजे शेतातल्या मोटरला वीज रात्री येते म्हणून. केळीला पाणी द्यायला रात्री बांधावर बसावं लागतं, शिव्या घालतो, पण त्या अंधारात जे दिसतं ते पुण्या-मुंबईवाल्यांना पैसे देऊनही दिसत नाही. परवा पहाटे मोटर बंद करायला उठलो, वर एक ठिपका सातपुड्याकडे सरकत होता, मोजायला लागलो, एकशे सत्तरपर्यंत आलो आणि पाय चारीत. चला, थ्री फेज यायची वेळ झाली, निघतो.