तुमच्या आजीच्या गावाला एकदा जाऊन या

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

प्रास्ताविकात माझ्याबद्दल बरंच मोठं बोललं गेलं. खरी गोष्ट एवढीच, की २०२२ ते २०२४ अशी दोन वर्षं मी दक्षिण कोरियात, बुसान शहरातल्या एका विद्यापीठात हिंदी शिकवायला होते. बाई साताऱ्याची, घरची भाषा मराठी, शिकवायचं हिंदी, शिकणारी मुलं कोरियन आणि अडलं की आधार इंग्रजीचा. एम.ए. हिंदीत केलंय, पण तोंडात बसलेलं पुस्तक नपुंसकलिंगी ते नपुंसकलिंगीच. पहिल्याच महिन्यात भर वर्गात ‘मेरा पुस्तक कहाँ है’ म्हणून गेले. पुढच्या बाकावरच्या मुलीनं मान खाली घालून, अगदी अदबीनं विचारलं, “सॉन्सेंग्निम, पुस्तक स्त्रीलिंगी ना?” सॉन्सेंग्निम म्हणजे बाई, गुरुजी, सर, सगळं एकातच. कोरियन भाषेत नामांना लिंगच नाही, त्यामुळे ही मुलं तक्ते पाठ करून येतात आणि आपण पकडले जातो.

तर सोमवार ते शुक्रवार हे असं. आज बोलायचंय ते शनिवार-रविवारबद्दल.

आपल्याला वाटतं, एवढा पुढारलेला देश, तिथे शनिवारची सुट्टी पहिल्यापासून असणार. तसं नाही. पाच दिवसांचा आठवडा २००४पासून टप्प्याटप्प्यानं आला, आणि शाळांना दर शनिवारी सुट्टी मिळायला २०१२ उजाडलं. त्याआधी काही वर्षं एक शनिवार शाळेचा आणि एक सुट्टीचा. सुट्टीच्या शनिवारला मुलं ‘नोल्तो’ म्हणायची, म्हणजे खेळायचा शनिवार. माझ्या विद्यार्थ्यांना लहानपणचा नोल्तो आठवत होता. नव्यानं मिळालेली वस्तू माणूस जपून वापरतो, तशी ही मंडळी सुट्टी वापरतात. शनिवारी सकाळी सहाला मेट्रोत बघा, निम्मा डबा डोंगरावर निघालेला असतो.

आणि डोंगर म्हणजे शहरातलाच. बुसानच्या उत्तरेला ग्यूमजंग डोंगर आहे, उंची आठशे मीटरच्या आसपास. मेट्रोतून उतरायचं, पमोसा नावाच्या जुन्या देवळापासून वाट धरायची. वर डोंगरी किल्ला आहे, त्याची तटबंदी अठरा किलोमीटरांच्या घरात. मी पुण्यात शिकत असताना दर रविवारी सिंहगड करायचे, त्यामुळे मला वाटलं, हे आपल्या हातचंच काम. गेले साध्या बुटांवर, खांद्याला शबनम. आजूबाजूला सत्तरीच्या बायका, पण थाट एव्हरेस्टला निघाल्यासारखा. दोन हातांत दोन काठ्या, हातमोजे, तोंड झाकणारी टोपी. माझ्याकडे बघून त्यांना माझी दया आली असावी. एकीनं पिशवीतून काकडी काढली, मोडली आणि अर्धी माझ्या हातात ठेवली. तिखट-मीठ नव्हतं, एवढाच काय तो सिंहगडाशी फरक. खाली उतरल्यावर आपल्याकडे पिठलं-भाकरी, त्यांच्याकडे कांद्याच्या पातीचं मोठं धिरडं आणि तांदळाची दारू. दारूबद्दल इथे वाचनालयात अधिक बोलत नाही.

अशाच एका खानावळीत मी एक शब्द शिकले. वाढणाऱ्या बाईला ‘इमो’ म्हणून हाक मारायची. इमो म्हणजे मावशी, आईची सख्खी बहीण. आपण ऑफिसातल्या, इस्पितळातल्या बाईला मावशी म्हणतो तसंच, तोच शब्द, तोच सूर. तो ऐकल्यावर मला त्या देशात जरा आत गेल्यासारखं वाटलं.

पण इमोला ‘यात मांस नको’ म्हटलं, तर ती मांस काढून मासळीच्या पाण्यात शिजवलेलं आणून द्यायची, ते वेगळं.

आता किमहे. हे गाव बुसानला चिकटलेलं, चालकाविना धावणाऱ्या छोट्या गाडीनं जाता येतं. तिथे राजा सुरो आणि राणी हो ह्वांग-ओक यांच्या समाध्या आहेत. ‘सामगुक युसा’ हा तेराव्या शतकातला ग्रंथ सांगतो, की इसवी सन ४८ मध्ये आयुता नावाच्या देशाची सोळा वर्षांची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि सुरोशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे अयोध्या, असं तिथल्या पुष्कळ लोकांचं ठाम मत. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही, आणि आज मला त्या वादात शिरायचं नाही. लोक मानतात, आणि कसं मानतात ते सांगते. या दोघांच्या मुलांपैकी दोघांनी आईचं आडनाव लावलं, म्हणून किमहेचे किम आणि किमहेचे हो एकाच रक्ताचे. त्यांच्यात परंपरेनं लग्न होत नाही. थोडक्यात सगोत्र! साताऱ्यात हे समजावून सांगावं लागत नाही.

राणीच्या समाधीपुढे एका छपराखाली तांबूस, डागाळलेल्या दगडांची ओबडधोबड उतरंड आहे. वादळ शमावं म्हणून राणीनं हे दगड गलबतात घालून आणले, अशी कथा. मी ते बघत उभी होते, तेवढ्यात बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं, कुठून आलात? म्हटलं, इन्दो. कोरियनमध्ये भारताला इन्दो म्हणतात. आजोबा उठूनच उभे राहिले. “मी किमहे किम. तुम्ही माझ्या आजीच्या माहेरच्या.” यंत्रातली कागदी पेल्यातली कॉफी आणून दोन्ही हातांनी दिली. वयानं ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे, आणि दोन्ही हातांनी! मग पुढचा प्रश्न आला, “अयोध्या कशी आहे आता?”

मी अयोध्या पाहिलेली नाही. तसं सांगितलं. त्यांना वाटलं, माझं कोरियन कच्चं आहे, म्हणून त्यांनी सावकाश पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, नाही गेले कधी. त्यांनी खिशातून फोन काढला. त्यांच्या कुळाची मंडळी दर वर्षी अयोध्येला जातात, २००१ साली तिथे राणीचं स्मारकही झालंय. फोटोत हे आजोबा शरयूच्या काठी, डोक्यावर लाल टोपी, गळ्यात झेंडूची माळ. म्हणजे आजीच्या माहेरची मी, आणि माहेर बघून आलेले ते. निघताना म्हणाले, “एकदा जाऊन या.” फोनमध्ये माझा नंबर घालून घेतला.

यानंतरची फजिती मात्र सर्वस्वी माझ्या जिभेची. ग्यंगजू नावाचं जुन्या शिल्ला राज्याच्या राजधानीचं शहर आहे, बुसानहून बसनं तासाभरावर. तिथला राजवाड्याचा तलाव रात्री दिव्यांत बघायचा, म्हणून शनिवारी दुपारी चारला निघाले. खिडकीवर ‘ग्यंगजू’ म्हटलं. म्हणजे मला वाटलं, तसं म्हटलं. बाईनं ग्वांगजूचं तिकीट दिलं. तिकीट बरंच महाग होतं. मी म्हटलं, बस चांगली असेल. बस खरंच चांगली होती, लगेच झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी एका मोठ्या थांब्यावर उभी. आपल्याकडे खोपोलीच्या आसपास थांबते तशी, पंधरा मिनिटं, आणि पंधराव्या मिनिटाला निघणार म्हणजे निघणार. उतरून पाटी वाचली, सोमजिन नदी. ही नदी कोरियाच्या नैर्ऋत्येला आहे. मला जायचं होतं उत्तरेला. माझ्या हातात नुकतीच घेतलेली अक्रोडाची पिटुकली केकं होती, ती तशीच राहिली.

ग्वांगजूला पोचले तेव्हा अंधार पडला होता. राहायची सोय काही केलेली नव्हती. विद्यार्थिनीला फोन केला. ती आधी हसली, मग म्हणाली, जिमजिलबांगला जा. म्हणजे गरम खोल्या, न्हाणीघरं, आणि रात्री तिथेच तापलेल्या जमिनीवर चटई टाकून झोपायचं. ते देतात तोच सदरा, तीच अर्धी चड्डी. हॉटेलच्या मानानं अगदी स्वस्त. तिनं एकच गोष्ट सांगितली नाही, ती दारावर कळली. न्हाणीघरात अंगावर काहीही नको. बायकांचा विभाग वेगळा, पण आत पाच वर्षांच्या मुलीपासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्या जशा जन्मल्या तशा. मी कुलपाच्या कप्प्यापाशी अर्धा तास उभी. शेवटी लक्षात आलं, कपडे घातलेली मी एकटीच असल्यामुळे सगळ्या माझ्याचकडे बघतायत.

तिथे शेजारच्या बाईंनी, असतील साठीच्या आसपासच्या, माझी पाठ घासून दिली. हातमोज्यासारखं हिरवं खरखरीत कापड असतं, त्याला इटली टॉवेल म्हणतात. इटलीचा त्याच्याशी संबंध कापडापुरता. काय घासली म्हणता! दिवाळीच्या पहाटे उटणं लावून आजी घासायची, तेही यापुढे लाड म्हणायचे. पाठीवरून मळाच्या वळकट्या निघाल्या तशा त्या समाधानानं हसल्या. मग बाहेर येऊन भाजलेली अंडी खात बसलो. मी चुकून ग्वांगजूला आले, हे त्यांना फार आवडलं. म्हणाल्या, आलात तर उद्या ग्यूमनाम रस्त्यावर जा.

मंडळी, १८ मे १९८० ते २७ मे १९८०, हे दहा दिवस ग्वांगजूचे. लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, छत्रीधारी सैनिक घातले गेले, २१ तारखेला प्रांतिक कचेरीसमोर जमावावर गोळीबार झाला. मग लोकांनी सैन्याला शहराबाहेर काढलं. शहराची नाकेबंदी झाली. त्या दिवसांत मंडईतल्या बायकांनी रस्त्यावर मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजवला आणि मिठाच्या हातानं मुठी वळून पोरांना वाटला. त्याला जुमक-पाप म्हणतात, मुठीचा भात. या बाई तेव्हा शाळेत होत्या. आईबरोबर मुठी वळायला बसल्या होत्या. सांगताना त्यांनी हात कसा वळवायचा ते दाखवलं, अंडं बाजूला ठेवून. आपण लाडू वळतो तसा नाही, जास्त दाबून. “सैल वळला तर पळताना सुटतो,” एवढंच म्हणाल्या. २७च्या पहाटे सैन्य परत आलं.

सकाळी गेले. रस्त्यावर ‘जनिल बिल्डिंग २४५’ नावाची इमारत आहे. आकडा दुहेरी, रस्त्यावरचा घर क्रमांकही २४५ आणि तपासात पहिल्यांदा मोजलेल्या गोळ्यांच्या खुणाही २४५. दहाव्या मजल्यावर त्या खुणा काचेआड जपल्यात. हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाला की नाही, हा वर्षानुवर्षांचा वाद तिथल्या खांबांवर, जमिनीवर वाचता येतो. खालच्या चौकात मुलं स्केटिंग करत होती. मी दुपारच्या बसनं परतले. तिकीट काढताना ‘बुसान’ म्हटलं. त्यात चुकायला जागा नव्हती.

ग्यंगजूला पुढच्या महिन्यात गेले, कागदावर लिहून नेलं. तिथे सोक्कुराम नावाचं लेणं आहे, आठव्या शतकातलं. बरोबर आलेली विद्यार्थिनी म्हणाली, हे तुमच्याकडच्या लेण्यांवरून सुचलेलं, तुमचं अजिंठा कसं आहे? अजिंठा मी पाहिलंय, शाळेच्या सहलीत, सातवीत. मला त्यातली बसमध्ये झालेली उलटी नीट आठवते. पण दगड आपल्याला कळतो. आपला काळा पाषाण कातळात आत आत कोरत जाता येतो. कार्ल्याचा चैत्य म्हणजे डोंगरातून काढून टाकलेला दगड. कोरियाचा डोंगर ग्रॅनाइटचा, त्यात असं कोरत जाणं म्हणजे महाकठीण. म्हणून त्यांनी ग्रॅनाइटच्या शिळा घडवून घुमट रचला, वर माती घातली आणि डोंगर बनवला! आत भूमिस्पर्श मुद्रेतला बुद्ध, तोंड पूर्वेच्या समुद्राकडे. जपानी राजवटीत हे सगळं सुटं करून सिमेंट घालून परत जोडलं, आणि तेव्हापासून ओल सुटली. आता समोर काच आहे. त्या काचेतून बघताना आधी आपलंच प्रतिबिंब दिसतं, मग बुद्ध.

वेळ झाल्याची चिठ्ठी आलीये. तोंगदोसाचं सांगते आणि थांबते.

तोंगदोसा हा बुसानजवळचा मोठा मठ, ६४६ सालचा. मुख्य मंदिरात मूर्ती नाही, कारण मागच्या ओट्यात बुद्धाचे अवशेष आहेत अशी श्रद्धा. तिथे एक रात्र राहिले. पहाटे चारच्या आधी लाकडी ठोकळ्याच्या आवाजानं उठायचं. जेवण कांदा-लसणाशिवाय, मासळीशिवाय. मला वाटलं चातुर्मासात आले. एकात एक बसणारे चार वाडगे. जेवून झालं की कोमट पाणी घ्यायचं, मुळ्याच्या लोणच्याची एक फोड चॉपस्टिकनं धरून चारी वाडगे पुसायचे, फोड खायची, पाणी प्यायचं. माझे आजोबा ताटात पाणी घालून प्यायचे, तेव्हा आम्ही नाकं मुरडायचो. इथे पूर्ण सभागृह तेच करत होतं, निमूट. मग स्वच्छ पाण्यानं पुन्हा धुवायचं आणि ते पाणी बादलीत ओतायचं. ते भुकेल्या पिशाच्चांसाठी. त्यांचा घसा सुईएवढा बारीक, म्हणून पाण्यात मिरचीचा कणही चालत नाही. माझ्या पाण्यात एक लाल कण तरंगत होता. बादली घेऊन आलेल्या भिक्षूंनी तो पाहिला. काही न बोलता माझा वाडगा परत माझ्याकडे सरकवला. मी प्याले.

नंतर तेच भिक्षू मला अंगणात भेटले. मागचा डोंगर दाखवून म्हणाले, हा आमचा गृध्रकूट. राजगीरला बुद्धांनी उपदेश केला त्या डोंगराचं नाव. इथल्या डोंगराचा आकार तिथल्या डोंगराशी जुळतो, म्हणून मठाचं नाव तोंगदोसा, असं एक स्पष्टीकरण देतात. मग तो प्रश्न आलाच, “खरा गृध्रकूट पाहिलाय ना? जुळतो?”

राजगीरलाही मी गेलेले नाही. पण मिरचीच्या कणानंतर पुन्हा मान खाली घालायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, “जुळतो.” एवढं एक खोटं मी त्या देशात बोलले.

गेल्या वर्षी फोनवर एक फोटो आला. किमहेचे आजोबा, शरयूचा काठ, तीच लाल टोपी. खाली कोरियनमध्ये लिहिलं होतं, “सॉन्सेंग्निम, अजून आला नाहीत?” मी नुसते जोडलेले हात पाठवले.